क्लिक करणाऱ्या ताईंना दोष देऊ नका

रॅन्समवेअर शिरलं की पहिल्या अर्ध्या तासात पुण्यातल्या कुठल्याही ऑफिसात एकच प्रश्न घुमतो: मेल कोणी उघडली? सगळ्यांच्या माना हिशेबाच्या टेबलाकडे वळतात. तिथे बसणाऱ्या ताईंनी सकाळी बिल म्हणून आलेली एक फाइल उघडलेली असते. संध्याकाळपर्यंत गुन्हेगार ठरलेला असतो आणि ताई रडवेल्या होऊन बसलेल्या असतात. मग मालक सगळ्यांना जमवून बजावतात की यापुढे अनोळखी मेल उघडायची नाही, आणि विषय मिटतो.

मी ऑफिसांची नेटवर्क उभी करतो, पेठांपासून भोसरीपर्यंत, आणि हे पाहिलं की माझं डोकं फिरतं. एका टेबलावर उघडलेली फाइल अख्खं ऑफिस बंद कशी पाडू शकते, हे कोणी विचारतच नाही. तिला इतर मशीनपर्यंत जायला वाट कोणी मोकळी ठेवली? ताईंनी नाही ठेवली. ती मालकाने ठेवली, त्याच्या आयटी ठेकेदाराने ठेवली, आणि दर वर्षी येऊन ‘समाधानकारक’ असा शेरा मारून जाणाऱ्या तपासनिसाने ठेवली.

भोसरीतल्या एका कारखान्याचं सांगतो. तिथल्या हिशेबनीस ताईंचं कामच पुरवठादारांची बिलं उघडण्याचं. दिवसभर तेच. त्यांचा कॉम्प्युटर, ड्रॉइंग ठेवलेला सर्व्हर, सीएनसी मशीनला प्रोग्राम पाठवणारा विंडोज ७ चा जुना पीसी, हजेरीचं बोट लावायचं मशीन, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर, बॅकअपचा डबा आणि गेटवरच्या केबिनमधलं वायफाय, सगळं एकाच जाळ्यात. सगळ्यांचे पत्ते १९२.१६८.१ ने सुरू होणारे. तपकीर गल्लीच्या बाजारातून आणलेले स्विच एकाला एक जोडत नेलेले. पोर्ट संपले की आणखी एक. बॅकअपचा डबा तर ताईंच्या मशीनवर शेअर्ड ड्राइव्ह म्हणून कायमचा जोडलेला, कारण टॅलीचा बॅकअप तिथे टाका असं त्यांना कोणीतरी सांगून ठेवलं होतं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ड्रॉइंग गेली आणि बॅकअपही गेला. दुसऱ्या दिवशी ताईंना येऊ नका म्हणून निरोप गेला. ज्या ठेकेदाराने हे जाळं विणलं होतं, त्याला नव्या सर्व्हरची ऑर्डर मिळाली.

हा अन्याय आहे. काम म्हणून जे करायला सांगितलं तेच केल्याबद्दल एका बाईची नोकरी गेली, आणि ज्यांनी आपलं काम केलंच नाही त्यांना पैसे मिळाले. गेली कित्येक वर्षं मी हे पुन्हा पुन्हा घडताना पाहतो आहे, आणि ज्या उपायाने यातली बहुतेक हानी टळली असती तो उपाय जुना, स्वस्त आणि सर्वांना ठाऊक असलेला आहे. त्याचं नाव व्हीलॅन.

एकाच सपाट जाळ्यात काय होतं ते आधी पाहू. एखाद्या कॉम्प्युटरला दुसऱ्याशी बोलायचं असेल तर तो ‘हा पत्ता कोणाचा?’ अशी हाक सगळ्या जाळ्यात फिरवतो. ती प्रत्येक तारेवर जाते. प्रिंटर ऐकतो, कॅमेरा ऐकतो, व्यवस्थापकांचा लॅपटॉप ऐकतो. प्रामाणिक यंत्रांसाठी ही सोय आहे. पण आत शिरलेल्या व्हायरसलाही तीच सोय मिळते. काही मिनिटांत त्याच्याकडे ऑफिसातल्या सगळ्या मशीनची यादी तयार होते. मग फाइल शेअरिंगचा ४४५ आणि रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ हे दोन पोर्ट एकेका मशीनवर ठोठावत जायचं. कुठलं तरी उघडतंच. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा रॅन्समवेअर जगभर पसरला तो याच ४४५ वरून. मायक्रोसॉफ्टने विंडोजमधल्या त्या भोकावरचं ठिगळ मार्चमध्येच दिलेलं होतं.

व्हीलॅन म्हणजे त्याच स्विचचे, त्याच तारांवर, आतून वेगळे भाग पाडणं. हिशेबाच्या टेबलांचे पोर्ट एका क्रमांकाचे, डिझाइनचे दुसऱ्या, कॅमेऱ्यांचे तिसऱ्या, पाहुण्यांच्या वायफायचा चौथा. एका क्रमांकातली हाक दुसऱ्या क्रमांकात ऐकू जात नाही. भिंती फोडायला नकोत, नव्या केबल ओढायला नकोत. अमेरिकेतल्या बेलकोअर या संस्थेतले डेव्हिड सिंकोस्की यांना या कल्पनेचं श्रेय जातं, ते १९८० च्या दशकातलं. आयईईईचं ८०२.१क्यू हे मानक १९९८ मध्ये आलं. त्यानुसार डेटाच्या प्रत्येक पुडक्याला चार बाइटांचा टॅग लागतो. त्यातले बारा बिट व्हीलॅनच्या क्रमांकासाठी. पहिला आणि शेवटचा आकडा राखीव सोडला तर ४०९४ क्रमांक हाताशी उरतात. पुण्यातल्या कुठल्याही पतसंस्थेला, दवाखान्याला, सीएच्या ऑफिसला यातले पाच-सहा पुरतात. ज्या वर्षी हे मानक निघालं त्या वर्षी जन्मलेली मुलं आज हिंजवडीत हीच कामं परदेशातल्या बँकांसाठी करत आहेत. आणि त्याच मुलांच्या आईवडिलांची ठेव ज्या पतसंस्थेत आहे, तिचं कॅश काउंटर आणि कॅमेरे एकाच स्विचवर शेजारी शेजारी लावलेले असतात. या शहराने याची लाज बाळगायला हवी.

साध्या ऑफिस कॉम्प्युटरवर व्हीलॅनसाठी काहीही बसवावं लागत नाही, हे अनेक मालकांना पटतच नाही. त्या कॉम्प्युटरला टॅग दिसतच नाही. ज्या पोर्टात त्याची तार आहे तो पोर्ट अ‍ॅक्सेस प्रकारचा ठेवायचा आणि त्याला क्रमांक द्यायचा. पुडकं आत आलं की टॅग लावणं आणि बाहेर जाताना काढणं ही स्विचची जबाबदारी. दोन स्विच एकमेकांना जिथे जोडले जातात तो पोर्ट ट्रंक, तिथून अनेक क्रमांकांचे टॅग एकाच तारेवरून जातात. टेबलावर आयपी फोन असेल तर फोन टॅग लावलेल्या आवाजाच्या व्हीलॅनमध्ये आणि फोनच्या पाठीमागून जोडलेला कॉम्प्युटर बिनटॅगचा, हेही एकाच पोर्टावर नीट चालतं. वायफायला एकाच अ‍ॅक्सेस पॉइंटवरून कर्मचाऱ्यांचं नाव वेगळं आणि पाहुण्यांचं वेगळं, दोघांचे व्हीलॅन वेगळे. पुण्यातली बरीच ऑफिसं इथे फक्त नावं वेगळी ठेवतात आणि दोन्ही नेऊन त्याच जाळ्यात सोडतात. पाहुण्यांचा पासवर्ड फळ्यावर लिहिलेला असतो, म्हणजे ऑफिसचा सर्व्हरही फळ्यावरच लिहून ठेवला म्हणायचा.

याच्या उलट एक घातक प्रकार मी वारंवार पाहतो. ऑफिसात एखादा असा कॉम्प्युटर असतो ज्याला हिशेबही हवा, कॅमेरेही हवेत आणि डिझाइनचा सर्व्हरही हवा. त्यासाठी ठेकेदार त्या टेबलाला सरळ ट्रंक पोर्ट देतो आणि नेटवर्क कार्डाच्या सेटिंगमध्ये तिन्ही व्हीलॅन एकदम उघडून देतो. विंडोजच्या कार्डांच्या ड्रायव्हरमध्ये ही सोय असते, लिनक्समध्ये तर एका ओळीच्या आज्ञेत होतं. ज्या सर्व्हरवर अनेक आभासी मशीन चालतात तिथे ती सोय योग्यच आहे. पण रोज मेल उघडणाऱ्या टेबलावर ती दिली की वेगळे केलेले तिन्ही भाग त्या एका मशीनमध्ये येऊन मिळतात. ते मशीन पडलं की तिन्ही पडले. असं करून पैसे घेणाऱ्या ठेकेदाराने आपण व्हीलॅन केलं असं बिलात लिहू नये.

आणि सगळ्यात मोठी फसवणूक तर पुढेच आहे. व्हीलॅन वेगळे केले तरी त्यांना कधी ना कधी एकमेकांशी थोडं बोलावं लागतं: हिशेबाला प्रिंटर लागतो, सगळ्यांना इंटरनेट लागतं. हे बोलणं राउटरमधून, लेअर ३ स्विचमधून किंवा फायरवॉलमधून जातं आणि तिथे कोणी कोणाशी कुठल्या पोर्टावर बोलायचं याचे नियम लिहायचे असतात. खरं काम हे. बाकी सगळं दोन तासांचं. पण ठेकेदार तिथे ‘कोणीही कोणाशीही’ असा एकच नियम लिहून मोकळा होतो, कारण तसं केलं की दुसऱ्या दिवशी तक्रारीचा फोन येत नाही. कागदावर सहा व्हीलॅन, सुंदर रंगीत आकृती, तपासनिसासाठी फाइल तयार. आणि प्रत्यक्षात पूर्वीसारखंच सपाट जाळं, फक्त पत्ते बदललेले. मी अशा आकृत्या पाहिल्या आहेत ज्यांत कॅमेऱ्यांचा व्हीलॅन लाल चौकटीत बंदिस्त दाखवला होता. हिशेबाच्या मशीनवर बसून मी डीव्हीआरला पिंग केलं, म्हणजे ‘आहेस का?’ अशी हाक मारली, आणि पहिल्याच झटक्यात उत्तर आलं. त्या आकृतीवर व्यवस्थापकांची सही होती.

बरं, ठेकेदार असं का करतो? कारण नियम लिहायचे तर ‘कोणाला कशाची गरज नाही’ हे मालकाने सांगावं लागतं, आणि ते मालकाला सांगवत नाही. यादी करायला बसलं की पहिलं वाक्य ठरलेलं: “अहो, सगळ्यांचं करा हवं तर, पण माझ्या लॅपटॉपवरून सगळीकडे जाता आलं पाहिजे.” हाच लॅपटॉप घरी जातो, मुलं त्यावर खेळ उतरवतात, विमानतळाच्या वायफायवर तो उघडतो, त्यावर प्रत्येक गोष्टीचा पासवर्ड साठवलेला असतो. ऑफिसातलं सगळ्यात धोक्याचं यंत्र तेच असतं आणि सवलत त्यालाच हवी. ज्या दिवशी मालक म्हणेल की माझ्या लॅपटॉपलाही सीएनसीच्या पीसीपर्यंत पोहोचायची गरज नाही, त्या दिवशी माझं निम्मं काम झालेलं असेल. पण अधिकार म्हणजे सगळी दारं उघडी असणं, ही समजूत इतकी खोल गेली आहे की ती हलवताना मालक माझ्यावर चिडतात. त्यांना वाटतं मी त्यांचा मान कमी करतो आहे.

मोठ्या कंपन्यांतही हेच चालतं. त्याची किंमत महाराष्ट्राने २७ जून २०१७ रोजी मोजली. त्या दिवशी नॉटपेट्या नावाचा विध्वंसक प्रोग्राम युक्रेनमधल्या एम.ई.डॉक या कर-हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरला. तिथून तो मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या जाळ्यात शिरला आणि काही तासांत उरणजवळ न्हावा शेवाला, जवाहरलाल नेहरू बंदरातलं मर्स्क समूहाकडचं टर्मिनल ठप्प झालं. कीव्हमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा आणि रायगड जिल्ह्यात कंटेनर उचलणाऱ्या क्रेनचा काय संबंध असायला हवा होता? काहीही नाही. पण मधल्या जाळ्याला पुरेसे पडदे नव्हते. मर्स्कला ४००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी नव्याने उभे करावे लागले, हे त्यांच्या अध्यक्षांनीच २०१८ च्या जानेवारीत दावोसला सांगितलं. कंपनीचे डोमेन कंट्रोलर, म्हणजे कोणाला कुठे प्रवेश हे ठरवणारे सर्व्हर, जगभर पुसले गेले. वाचला तो घानामधला एक, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती.

मला यातली सगळ्यात संतापजनक बाब वाटते ती पुढची. अँडी ग्रीनबर्ग या पत्रकाराने ‘वायर्ड’मध्ये नंतर जे लिहिलं त्यानुसार कंपनीतल्या काही आयटी अधिकाऱ्यांनी २०१६ मध्येच धोक्याकडे बोट दाखवलं होतं आणि जाळ्याचे भाग नीट वेगळे केलेले नाहीत हे त्यात स्पष्ट होतं. जाळ्याच्या फेररचनेला मंजुरी मिळाली, पैसेही मंजूर झाले. पण वरिष्ठांच्या कामगिरीच्या मोजमापात ती धरली गेली नव्हती. केल्याने कोणाचा बोनस वाढणार नव्हता. म्हणून काम पुढे सरकलं नाही. ज्ञान होतं, पैसा होता, माणसं होती. निर्णय अंगावर घ्यायला कोणी नव्हतं. भोसरीतल्या त्या मालकात आणि कोपनहेगनच्या त्या वरिष्ठांत मला काडीचा फरक दिसत नाही.

आपल्याकडे तर जाळ्याचे भाग नीट न पाडल्याचं हे कारण सरकारनेच संसदेत सांगितलं आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्समधले सर्व्हर बंद पडले. रुग्णांची नोंदणी, चाचण्यांचे अहवाल, सगळं हाताने लिहावं लागलं. देशभरातून आलेली माणसं रांगेत ताटकळली. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या प्राथमिक विश्लेषणाचा हवाला देऊन सरकारने सांगितलं की जाळ्याची विभागणी नीट नसल्यामुळे हल्लेखोरांना सर्व्हरचा ताबा घेता आला. देशातल्या सर्वोच्च रुग्णालयाबद्दल हे अधिकृतपणे सांगितलं गेलं. त्यानंतर पुण्यातल्या किती रुग्णालयांच्या विश्वस्तांनी आपल्या आयटी विभागाला बोलावून ‘आपल्याकडे काय स्थिती आहे’ असं विचारलं? मी ज्या छोट्या रुग्णालयांत जातो तिथे एक्स-रेचं मशीन, औषधांच्या दुकानाचं बिलिंग आणि वेटिंग रूममधला टीव्ही अजूनही एका जाळ्यात आहेत.

आणि पुण्याला दिल्लीचं उदाहरण लागावं हेही दुर्दैव. कॉसमॉस बँक इथलीच, १९०६ साली स्थापन झालेली. ११ ऑगस्ट २०१८ चा शनिवार. काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे काढले गेले, कोल्हापूरसह भारतातूनही काढले गेले. सोमवारी १३ तारखेला स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणेच्या मार्गाने १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. गुन्हा चतुःशृंगी पोलीस ठाण्यात नोंदला गेला, २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा सुनावली, आणि संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने या चोरीचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. कार्डाचा व्यवहार मंजूर करणाऱ्या खऱ्या यंत्रणेच्या जागी चोरांनी स्वतःची बनावट यंत्रणा उभी करून मंजुरीची उत्तरं पाठवली. असं काम शनिवारी दुपारी बाहेरून येऊन होत नाही. त्याआधी आत बसून, कुठलं मशीन कोणाशी बोलतं हे शांतपणे पाहावं लागतं.

माझा मुद्दा इथे आहे. कोणीतरी आत शिरणारच हे धरून चालायचं. आज ना उद्या एखादी मेल उघडली जाणार, एखादा पेन ड्राइव्ह लागणार, एखाद्या पुरवठादाराचं दुरून मशीन चालवायचं एनीडेस्क चालू राहणार. त्या क्षणी आत शिरलेल्याला किती दूरवर दिसतं आणि किती दूरवर जाता येतं, एवढंच आपल्या हातात असतं. कॉसमॉसनंतर दोन महिन्यांनी, १९ ऑक्टोबर २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट जाहीर केली, आणि पुढच्या वर्षी ३१ डिसेंबरला बँकांच्या डिजिटल सेवा आणि पेमेंट यंत्रणांशी असलेली जोडणी यांप्रमाणे श्रेणी ठरवून दिल्या. नागरी बँकांवर निदान एवढा वचक आहे. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाहीत. त्या सहकार खात्याखाली, आणि सहकार आयुक्तांचं कार्यालय याच शहरात. पतसंस्थेच्या लेखापरीक्षणात तारण, थकबाकी, तरतुदी सगळं तपासलं जातं. कॅश काउंटरचा कॉम्प्युटर कोणकोणत्या मशीनशी बोलू शकतो हे तपासलेलं मी अजून कुठल्याही अहवालात वाचलेलं नाही.

जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज टेक्नॉलॉजीज या लहान बँकांना तंत्रसेवा पुरवणाऱ्या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला तेव्हा यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने काय केलं ते आठवा. त्या कंपनीला आपल्या पेमेंटच्या जाळ्यापासून तात्पुरतं तोडलं. जवळपास ३०० लहान बँकांच्या ग्राहकांची गैरसोय झाली, पण बाकी देशाचं यूपीआय चालू राहिलं. तोडता आलं कारण कुठे तोडायचं ते आधीपासून ठरलेलं होतं. तुमच्या ऑफिसात आज दुपारी तीन वाजता एका विभागाला तोडायची वेळ आली, तर रॅकमधली कुठली केबल उपटायची हे कोणाला माहीत आहे? रॅकमधल्या पॅच कॉर्डवर लेबलं तरी आहेत का? बहुतेक ठिकाणी घाबरून मेन स्विच बंद केला जातो, आणि त्या गडबडीत पुराव्याच्या नोंदीही जातात.

आता सबबी. पहिली खर्चाची. व्हीलॅन चालवणारा आठ पोर्टचा स्मार्ट स्विच काही हजारांत मिळतो. दिवाळीला ग्राहकांना वाटल्या जाणाऱ्या सुक्या मेव्याच्या खोक्यांवर याहून जास्त खर्च होतो. दुसरी सबब: आमच्याकडे चोरण्यासारखं आहे तरी काय? अहो, चोरायचं कोणाला आहे? त्यांना तुम्हाला अडवायचं आहे. तुमची ड्रॉइंग त्यांना कवडीमोलाची असतील, पण उद्या गाडी भरायची असताना ती तुम्हाला उघडता आली नाहीत की तुम्ही किती द्याल, एवढंच ते मोजतात. तिसरी सबब अँटिव्हायरसची, तिच्यावर शब्द खर्च करत नाही. भोसरीतल्या त्या मशीनवरही तो चालू होता.

चौथी मात्र खरी अडचण आहे आणि ती मी मान्य करतो: व्हीलॅन केले की पहिला आठवडा त्रासाचा जातो. प्रिंटर सापडत नाही, कारण तो आता वेगळ्या व्हीलॅनमध्ये आहे आणि कॉम्प्युटर त्याला पूर्वीसारखी हाक मारून शोधू शकत नाही. त्याला ठरावीक पत्ता देऊन नियम लिहावा लागतो. हजेरीच्या मशीनचं सॉफ्टवेअर हटून बसतं. पत्ते वाटणारा डीएचसीपी प्रत्येक व्हीलॅनसाठी वेगळा लावावा लागतो किंवा रिले करावा लागतो. मधेच कुठेतरी छताच्या वर लपवलेला जुना साधा स्विच निघतो आणि त्याच्यामागची सगळी टेबलं एकाच व्हीलॅनमध्ये अडकतात. या आठवड्यात मालकाने ठेकेदाराच्या पाठीशी उभं राहायचं असतं. त्याऐवजी तिसऱ्या दिवशी “पूर्वी चालत होतं ना, मग तसंच करून द्या” असा फोन येतो, आणि सगळं पुन्हा सपाट होतं. सपाट जाळी अज्ञानाने टिकत नाहीत. ती या एका फोनमुळे टिकतात.

व्हीलॅन केला की सगळं सुरक्षित झालं असं मी कधीच म्हणणार नाही, आणि असं सांगणाऱ्याला दारात उभं करू नका. व्हीलॅन डेटा गुप्त करत नाही. एकाच व्हीलॅनमधल्या दोन टेबलांना एकमेकांपासून तो वाचवत नाही; त्यासाठी पोर्ट आयसोलेशन आणि प्रत्येक मशीनची स्वतःची फायरवॉल लागते. कारखान्यातून आलेला स्विच सगळे पोर्ट व्हीलॅन १ मध्ये ठेवतो. ट्रंकचा बिनटॅग क्रमांकही तोच राहू दिला, तर दुहेरी टॅग लावून भलत्या व्हीलॅनमध्ये पुडकं घुसवण्याचा जुना डाव चालतो. रिकामे पोर्ट बंद ठेवायचे असतात. स्विचचा व्यवस्थापनाचा पत्ता वेगळ्या व्हीलॅनमध्ये हवा आणि त्याचा पासवर्ड कारखान्यातून आलेला नको. नॉटपेट्या फक्त भोकांतून पसरला नाही. त्याने मशीनच्या स्मृतीतून अ‍ॅडमिनचे पासवर्ड उचलले. एकच अ‍ॅडमिन पासवर्ड सगळीकडे वापरणाऱ्या ऑफिसात जिथे जिथे नियमाने वाट दिली आहे तिथून तो पासवर्ड पुढे जातो. आणि बॅकअपची एक प्रत कुठल्याच जाळ्याला जोडलेली नसावी, हे तर व्हीलॅनच्या आधीचं आहे.

एवढं करून मग कर्मचाऱ्यांना संशयास्पद मेल ओळखायला शिकवा. जरूर शिकवा. पण आज पुण्यात उलटा धंदा चालला आहे. कंपन्या खोट्या मेल पाठवून कर्मचाऱ्यांची परीक्षा घेतात, जो चुकला त्याचं नाव यादीत टाकतात, त्याला पुन्हा वर्गात बसवतात, आणि सुरक्षेचं काम झालं म्हणून अहवाल देतात. ज्या बाईच्या कामाचं स्वरूपच दिवसाला ढीगभर अनोळखी फाइली उघडण्याचं आहे, तिच्याकडून कधीच न चुकण्याची अपेक्षा करणं हा क्रूरपणा आहे. तिच्या मशीनला टॅलीचा सर्व्हर, एक प्रिंटर आणि इंटरनेट याखेरीज काहीही दिसू नये, ही व्यवस्था तिच्या हातात नाही. ती ज्यांच्या हातात आहे ते परीक्षेला कधीच बसत नाहीत.

सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा कायद्याने ३० सप्टेंबरच्या आत घ्याव्या लागतात. चहा, सामोसा, लाभांशाची घोषणा आणि आभारप्रदर्शन. तुम्ही सभासद असाल, ठेवीदार असाल, तर यंदा उठून उभे राहा आणि संचालक मंडळाला लेखी विचारा: आपल्या शाखांच्या स्विचवर एका व्हीलॅनमधून दुसऱ्यात जाणाऱ्या वाहतुकीचे नियम कोणते आहेत, ते शेवटचे कोणी आणि कधी तपासले? उत्तर म्हणून रंगीत आकृती दाखवली तर खाली बसू नका. कॅश काउंटरच्या कॉम्प्युटरवर संचालकांसमोर कमांडची काळी खिडकी उघडायला सांगा आणि तिथून कॅमेऱ्याच्या डीव्हीआरला पिंग करायला लावा.